दुसऱ्यांच्या सुट्टीचा हिवाळा

रायपुरात थंडी आधी गच्चीवर येते. खाली रस्त्यावर लोक अजून अर्ध्या बाह्यांत फिरत असतात, सदर बाजारात रसवंतीचं चाक फिरत असतं, पण आमच्या केंद्राच्या गच्चीवर सकाळी चप्पल काढून उभं राहिलं की सिमेंट पायाला गार लागतं आणि कळतं, मोसम आला. मग कपाटं उघडायची. पावसाळाभर कोंडलेल्या स्लीपिंग बॅगा बाहेर काढायच्या, एकेक उलटी करून दोरीवर टाकायची. वारा उत्तरेचा असला तर संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी बसते. ती झटकून बॅगा आत घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर न्यायच्या.

नव्या बॅगेला कसलाच वास नसतो. एक मोसम वापरली की तिला माणसांचा वास लागतो. लाकडाचा धूर, कुणाचं अत्तर, कुणाच्या डोक्याचं तेल. कधी तळाशी लहान मुलाचा एकच मोजा सापडतो, कधी चिवड्याचे शेंगदाणे. धुतल्यावरही तो वास पूर्ण जात नाही. दुसऱ्यांच्या सुट्टीचा वास. इतकी वर्षं मी तो घेत आले आहे, आणि खरं सांगायचं तर यातल्या एकाही बॅगेत मी स्वतः कधी झोपलेले नाही.

आमचं केंद्र विद्यापीठाच्या जुन्या व्यायामशाळेच्या मागे आहे. दोन खोल्या, एक सामानघर आणि ही गच्ची. पाटीवरचं नाव लांबलचक आहे. निसर्ग, पर्यटन, साहस, उद्योग, सहाय्य असे सगळे शब्द त्यात येतात. कॅम्पसबाहेरचे ऑटोवाले त्याला ‘तंबू ऑफिस’ म्हणतात. आता मीही म्हणते. राज्यात कुणाला तंबूंचा कॅम्प टाकायचा असेल, जलाशयात नावा सोडायच्या असतील, जंगलात लोकांना पायी फिरवायचं असेल, त्यांनी आमच्याकडे यायचं. आम्ही त्यांच्या माणसांना प्रथमोपचार शिकवतो, दोर आणि लाइफ जॅकेटं तपासून देतो, संडासाचा खड्डा ओढ्यापासून किती लांब हवा ते सांगतो. पाहुणा पिऊन पाण्यात उतरायला निघाला तर त्याच्याशी न भांडता त्याला कसं बसवून ठेवायचं, हेसुद्धा.

शनिवार-रविवार लोकांची सुट्टी आणि आमचे फोन. “दीदी, गेस्टको बिच्छू काट लिया, बर्फ लगाएँ क्या?” मी भाजी चिरता चिरता विचारते, कुठे चावला, श्वास कसा आहे, गाडी आहे का जवळ. माझा मुलगा शेजारच्या खोलीतून हिंदीत ओरडतो, “मम्मी, संडे है!” मी त्याला मराठीत सांगते, हो रे, माहीत आहे मला. भाजी करपते.

या कामाचा एक वेगळाच थकवा आहे. शेतात राबलेल्या माणसाचा थकवा दिसतो. धान घरात येतं, कोठी भरते. आमचं काम नीट झालं तर काहीच घडत नाही. नाव उलटत नाही, दोर तुटत नाही, पोर हरवत नाही. माणसं हसत घरी जातात आणि त्यांना आमचं नावही माहीत नसतं. ते तसंच असायला हवं, हे मला पटतं. पण पटलं म्हणून शिणवटा जात नाही.

दर थंडीत, बॅगा दोरीवर टाकताना, मला बोरकरांचा तो हिवाळा आठवतो.

सुधाकर बोरकर आमचे प्रशिक्षक. वडील गोंदियाकडून रेल्वेच्या नोकरीत इथे आले आणि भनपुरीत घर बांधून राहिले. बोरकर तरुणपणी हिमालयात जाऊन चढाईचं शिक्षण घेऊन आले होते, मग विद्यापीठात क्रीडा विभागात लागले, आणि केंद्र सुरू झालं तेव्हा साहू मॅडमनी त्यांना मागून घेतलं. साहू मॅडम भूगोलाच्या प्राध्यापक आणि आमच्या संचालक. केंद्राची कल्पना त्यांचीच. कंबर दुखते म्हणून पाठीला उशी लावून स्वतःची जुनी जीप चालवतात, आणि मराठी सगळं समजत असूनही हिंदीतच बोलतात. मी समन्वयक. म्हणजे ज्या कामाला कुणी नसतं ते माझं. आम्ही तिघंच होतो.

त्या वर्षी बोरकरांच्या जावयानं कॅम्प काढला. नितीन सिलतऱ्याच्या एका प्लांटमध्ये फोरमन होता, चांगला चालला होता. पण भट्टीसमोर उभं राहून राहून त्याचा श्वास कोंडायला लागला होता. रोज रात्री खोकायचा, असं बोरकरांच्या मुलीनं, पल्लवीनं मला एकदा सांगितलं होतं. त्यानं नोकरी सोडली आणि रायपूरपासून लांब, एका छोट्या जलाशयाच्या काठी जागा घेतली. तंबू लावले. गावातल्या बायकांना हाताशी धरून पल्लवीनं स्वयंपाकघर मांडलं. सकाळी चीला, म्हणजे तांदळाचं धिरडं, दुपारी तिवऱ्याच्या पाल्याची भाजी आणि भात, संध्याकाळी शेकोटीशी तांदळाचा उकडलेला गरम फरा. आम्ही तिघं त्यांच्या कामाला जीव तोडून लागलो. मॅडमनी जागेचा नकाशा काढून दिला, मी तिथल्या माणसांचं प्रशिक्षण लावलं. बोरकर तोंडानं काही बोलले नाहीत, पण त्या दिवसांत ते दाढी रोज करायला लागले होते, एवढं माझ्या लक्षात आलं.

कॅम्पचं खरं आकर्षण होतं झिपलाइन. काठावरच्या उंचवट्यावर साजाचं एक जुनं झाड होतं, आपण ज्याला ऐन म्हणतो ते. मगरीच्या पाठीसारखी साल, सरळसोट बुंधा. त्या झाडावर लाकडी मचाण बांधून तिथून पोलादी तार ओढायची, जलाशयाच्या चिंचोळ्या भागावरून पलीकडे काँक्रीटच्या खुंटापर्यंत. माणूस पट्ट्यात बसून पाण्यावरून सुसाट पलीकडे जाणार. नितीननं त्याची चित्रं काढून घेतली होती, जाहिरात फोनवर फिरत होती. नाताळपासून नव्या वर्षापर्यंत सगळे तंबू भरले होते. लोक त्या तारेसाठीच येणार होते.

तपासणीला आम्ही तिघंही गेलो. धान कापून झालं होतं, रस्त्याच्या दोन्ही कडेला खळ्यांवर पेंढ्यांचे ढीग होते आणि सगळ्या हवेत कोंड्याचा गोडसर वास होता. मॅडम गाडी चालवता चालवता म्हणाल्या, “आज का दिन तो पिकनिक है, वंदना।” पल्लवीनं आम्हाला चहा दिला. नितीन पुढे पुढे होत सगळं दाखवत होता.

बोरकरांनी आधी पलीकडचा खुंट पाहिला. तो उत्तम होता. तार उत्तम, पट्टे उत्तम. मग ते झाडाकडे आले आणि लाकडी हातोडीनं बुंध्यावर ठोकत, कान लावत, हळूहळू त्याच्याभोवती फिरायला लागले. पाण्याकडच्या बाजूला आवाज खणखणीत येत होता. मागच्या बाजूला एका ठिकाणी तो बदलला. भद्द. ते थांबले, पुन्हा ठोकलं. मॅडमना बोलावलं. मॅडमनीही ठोकून पाहिलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा ठोकलं. मग बोरकरांनी बारीक ड्रिल लावून छिद्र पाडलं. भुसा आधी पिवळसर आला, मग काळपट आणि भुसभुशीत, मग पुन्हा पिवळा.

“आतून कुजायला लागलं आहे,” बोरकर म्हणाले.

“कितना?” मॅडमनी विचारलं.

“ते नाही सांगता येत, मॅडम. थोडं असन. जास्तही असन.”

नितीन हसला. त्याला अजून कळलं नव्हतं. “पापाजी, इस पेड़से हाथी बाँध दो, नहीं हिलेगा।”

“हत्ती एक वेळा बांधाल, नितीनजी. इथं दिवसभर झटके बसतीन. एकामागं एक.”

“तो क्या करें?”

“या झाडावर तार नाही लावता येत.”

नितीनचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. तो म्हणाला, दुसरं झाड एवढ्या उंचीवर नाही. बोरकर म्हणाले, लोखंडी खांब उभा करा. नितीन म्हणाला, पाया, काँक्रीट, सगळं व्हायला मोसम निघून जाईल. बोरकर म्हणाले, हव, जाईल. ते हळू बोलत होते आणि हातोडी पिशवीत घालत होते. पल्लवी चहाच्या रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन मागे उभी होती.  परतीच्या वाटेवर पिकनिकचा विषय निघाला नाही.

दोन-तीन दिवसांनी पल्लवी केंद्रात आली. मी तिला ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ओळखते, आणि माझ्याशी काय, वडिलांशी काय, ती कायम हिंदीतच बोलायची. त्यांच्या पिढीचं इथं तसंच आहे. मराठी कळतं, उत्तर हिंदीत येतं. त्या दिवशी ती बोरकरांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि मराठीतून भांडली. मी पहिल्यांदाच तिला असं ऐकत होते, आणि तिचं ते वऱ्हाडी मराठी ऐकताना मला वाटलं, घरात आईचं ऐकून ऐकून ही भाषा तिच्यात इतकी वर्षं नुसती साठत होती.

“बाबा, तुमी काहून असं करून राहिले? दुसऱ्याचा कॅम्प असता तं इतकं ठोकलं असतं का?”

“इतकंच ठोकलं असतं.”

“त्याहीनं नोकरी सोडली. श्वास नव्हता पुरत त्याहीले तिथं. तुमाले माहीत आहे.”

“माहीत आहे, बेटा.”

“मंग? तुमी स्वतः म्हनता का सांगता येत नाही, थोडं असन का जास्त असन. थोडंच असन तं?”

बोरकरांनी चष्मा काढला. “थोडंच असन,” ते म्हणाले. “मले पण तसंच वाटते.”

“वाटते ना? मंग लिहून द्या!”

“वाटते म्हणून लिहून नाही देता येत.”

पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं.  मी उठून तिला पाणी दिलं. तिनं ते घेतलं नाही. “मी आता घरी नाही येनार,” एवढं म्हणून ती गेली. बोरकर बराच वेळ चष्म्याची काच पुसत बसले. मग उठले आणि सामानघरात जाऊन एक दोर उलगडून तो हातातून इंच इंच सरकवत तपासायला लागले. तो त्यांनी आदल्याच आठवड्यात तपासला होता.

साहू मॅडमनी बाहेरगावच्या एका अभियंत्याला विचारून पाहिलं. तो मोसम संपल्यावर येऊ शकत होता. बोरकर म्हणाले, “अवश्य बोलवा, मॅडम. मी कोणाले रोखून नाही राहिलो. तुमी सही करत असान तं तुमीही करा. माही नाही.” मॅडमनी केली नाही. पण त्या संध्याकाळी कॅम्पसच्या फाटकाबाहेर आम्ही दोघी चहा पीत उभ्या होतो, समोरून दुचाक्यांचा लोंढा चालला होता, तेव्हा त्या म्हणाल्या, “मैं अकेली होती ना, वंदना, तो शायद कर देती। मुझे तो पेड़ ठीकही लगा।” थोड्या वेळानं म्हणाल्या, “और पूरा साल नींद नहीं आती।” त्यांनी कप ठेवला आणि कंबरेवर हात धरून गाडीकडे निघाल्या.

मला ते वाक्य अजून आठवतं, कारण आमच्या सगळ्या कामाचं मोल त्यात आहे. आम्ही लोकांच्या आनंदाला परवानगी देणारी माणसं. परवानगी दिली तर झोप जाते, नाकारली तर माणसं जातात. आज केंद्रात बोरकरांच्या जागी नवा प्रशिक्षक आहे. हुशार आहे, यंत्रानं झाडाच्या आतलं पाहता येतं म्हणतो. चांगलंच आहे. तरी कधी कधी कुणाला ‘नाही’ सांगून आला की तो गच्चीवर जाऊन एकटाच उभा राहतो. मी वर जात नाही. चहा पाठवते.

कॅम्प ठरल्या दिवशी उघडला, तारेशिवाय. पाहुणे आले, मचाणाखाली उभे राहून वर बघायला लागले, आणि झिपलाइन बंद कशी म्हणून नितीनशी वाद घालायला लागले. काही त्याच दिवशी परत गेले. नव्या वर्षाच्या आठवड्यात निम्मे तंबू रिकामे होते. जे राहिले ते पल्लवीच्या हातचं जेवून खूश झाले, पण जेवणासाठी कुणी इतक्या लांब येत नाही. जानेवारी लागला तसा नितीन सिलतऱ्याला परत गेला. फोरमनची जागा भरली होती, त्याला पाळीची नोकरी मिळाली. पुन्हा भट्टी, पुन्हा तो खोकला. कॅम्प पल्लवी एकटी सांभाळायला लागली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी भनपुरीला गेले. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रकांची रांग लागलेली असते, इंजिनांची घरघर घरात बसूनही छातीत वाजते. बोरकर अंगणात खुर्ची टाकून त्या ट्रकांकडे बघत बसले होते. मला म्हणाले, “या ताई, बसा. आत आहे ती.” आत वहिनींनी, शोभावहिनींनी, तिळाच्या वड्या थापून ठेवल्या होत्या. एक डबा वेगळा भरून झाकून ठेवला होता. पल्लवीसाठी. तो उघडला जाणार नाही, हे त्यांना माहीत होतं आणि तरी भरला होता.

मला कुंकू लावता लावता त्या हळूच म्हणाल्या, “वंदना, तुले एक सांगू? कोणाले म्हनू नको.”

“सांगा ना, वहिनी.”

“मी रोज मनात म्हनते, ते झाड पडो. कोणी खाली नसताना, एकटंच. नुसतं पडो. म्हंजे पोट्टीले समजन तिचा बाप खोटा नव्हता.” त्यांनी पदरानं हात पुसले. “असं म्हननं पाप आहे का? झाडानं काय बिघडवलं कोणाचं?”

 मी वडी तोंडात घातली. बाहेर बोरकर कुणाला तरी सांगत होते की गाडी जरा पुढे घ्या, भाऊ, दार उघडत नाही.

आणि मग मीही वाट पाहायला लागले. सांगायला लाज वाटत नाही, आम्ही सगळेच पाहत होतो. पौर्णिमेला छेरछेरा झाला, मुलं दारोदार धान मागून गेली. फाल्गुनात पळस पेटला. चैत्र संपता संपता एका दुपारी अंधड सुटलं. आकाश पिवळं झालं, कॅम्पसमधला गुलमोहर आमच्या डोळ्यांदेखत उन्मळून व्यायामशाळेच्या भिंतीवर आडवा झाला, गच्चीवरच्या दोऱ्या तुटल्या. बातम्या येत होत्या की जलाशयाकडच्या रस्त्यावर झाडंच झाडं पडली आहेत, वाहतूक बंद आहे. बोरकर खिडकीशी उभे होते. मॅडम त्यांच्या खोलीत फोन हातात घेऊन बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या फोनवर नितीनचा फोन आला; तो पाळी टाकून रात्रीतूनच कॅम्पवर पोचला होता. त्यांनी तो स्पीकरवर टाकला, कारण बोरकर दारात होते.

“मैडम, सारे टेंट उड़ गए,” नितीन म्हणाला. आवाज थकलेला होता, मागे कुठेतरी कुऱ्हाड चालत होती. मग जरा थांबून म्हणाला, “पेड़ खड़ा है।”

आणि फोन ठेवला.

मी बोरकरांकडे पाहू शकले नाही. ते मात्र म्हणाले, “पल्लवी बरी आहे ना? ते नाही विचारलं कोणी.” मॅडमनी लगेच उलट फोन लावला. पल्लवी बरी होती.

त्याच उन्हाळ्यात बोरकर निवृत्त झाले. निरोपाला विभागातले लोक जमले, शाल-श्रीफळ झालं, कुणीतरी लांब भाषण केलं. त्यात त्यांच्या हाताखाली किती लोक तयार झाले ते होतं, डोंगर होते, बर्फ होता. साजाचं झाड नव्हतं. पल्लवी आली नाही. ते घरी जाताना माझ्याकडे त्यांच्या कपाटाची किल्ली देऊन गेले आणि म्हणाले, “निळा दोर जुना झाला, ताई. आता कापून टाका, कोणी चुकून नेईन.”

पावसाळा गेला, पुन्हा गच्ची गार झाली. बॅगा दोरीवर टाकत असताना माझा फोन वाजला. पल्लवी होती. हिंदीत बोलली, कामाचं बोलावं तसं. नितीननं पाळीतल्या सुट्ट्या साठवून, सिलतऱ्यातल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी खांब करवून घेतले होते. उन्हाळ्यातच पाया घातला होता, पावसात काँक्रीट मुरलं होतं. मचाणही आता खांबांवरच होतं. तार चढवायची होती. “दीदी, देखने कौन आएगा?”

मी म्हटलं, बोरकर तर आता केंद्रात नाहीत. नवा माणूस अजून नेमलेला नाही.

 मग ती म्हणाली, “वो आएँगे क्या? पूछकर देखिए।”

मी विचारलं. बोरकर म्हणाले, “कधी निघायचं?”

तेव्हा पुन्हा आम्ही तिघंच, मॅडमच्या जीपमध्ये. खळ्यांवर पेंढ्यांचे ढीग होतेच. बोरकर मागच्या सीटवर हातोडीची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. ती लोखंडाला कशाला लागणार, हे कुणी विचारलं नाही. कॅम्पवर शोभावहिनी आधीच येऊन बसल्या होत्या, बसनं. त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

नितीननं वाकून नमस्कार केला. तो बारीक झाला होता. बोरकरांनी सकाळपासून दुपार होईपर्यंत एकेक जोड पाहिला, बोल्ट पाहिले, पायाच्या काँक्रीटवर गुडघे टेकून बोट फिरवलं. तारेला भार लावून ती सोडली, पुन्हा लावली. नितीन त्यांच्यामागे पाना घेऊन फिरत होता. साजा तिथेच होता, खांबांच्या शेजारी, पानं अजून हिरवी, वर पोपटांची भांडणं चाललेली.

शेवटी नितीनला राहवलं नाही. “पापाजी, पेड़ तो अब भी खड़ा है।”

“हव,” बोरकर म्हणाले. “आल्या आल्याच पाहिलं.”

“तो?”

बोरकर उठले, गुडघ्यावरची माती झटकली. “तं उभंच राहो ना, नितीनजी. शंभर वर्ष राहो. तुमाले काय वाटलं, मी त्याच्या पडन्याची वाट पाहून राहिलो होतो?”

शोभावहिनींनी मान खाली घातली. मी दुसरीकडे पाहिलं.  नितीननं त्यांच्या हातातली जड पिशवी आपल्या खांद्याला अडकवली. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. मॅडम म्हणाल्या, “चलो, फिर? पहला कौन?”

आमच्याकडे नियम असा की तपासणाऱ्यानं पहिली फेरी करायची. बोरकरांनी पट्टा उचलला. पण त्यांचे गुडघे आता मचाणाची शिडी चढण्याच्याच कामाचे राहिले होते, पलीकडे पाय टेकून थांबण्याच्या नव्हेत. हे सगळ्यांनाच दिसत होतं. पल्लवीनं त्यांच्या हातातून पट्टा घेतला आणि पायात चढवायला लागली.

नितीन म्हणाला, “मैं जाता हूँ।”

“नहीं,” ती म्हणाली.

मी त्यांच्या मागोमाग मचाणावर गेले. बोरकर तिच्यासमोर उभे राहिले. कमरेचा पट्टा ओढून पाहिला, मांड्यांचे पट्टे पाहिले, वरची कडी बंद आहे का ते अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग पुन्हा कमरेपासून सुरुवात केली. पुन्हा कडी. पुन्हा कमर.  तिसऱ्यांदा त्यांनी कडीवर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं.

पल्लवीनं त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

“बाबा,” ती म्हणाली, “सोडा आता.”

त्यांनी सोडलं.

तार किणकिणली, मग तिचा लांब, चढत जाणारा आवाज पाण्यावरून पलीकडे धावत गेला. खालून वहिनी काहीतरी ओरडल्या. पल्लवी लहान होत होत एक रंगीत ठिपका झाली, ठिपका पलीकडच्या काठाशी हलला, थांबला, उभा राहिला. तिनं दोन्ही हात वर केले.

मी बोरकरांकडे वळले. ते मचाणाच्या कठड्याला धरून, मान खाली घालून, डोळे गच्च मिटून उभे होते.

“पोचली का, ताई?” त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

“पोचली,” मी म्हटलं.

तरी ते काही वेळ तसेच उभे राहिले.